फुगा सापडलेल्या भाच्यास

भाचेबुवा,

मुतखडा बघायला सोनोग्राफी केलीस आणि खडा राहिला बाजूला, ॲओर्टाचा फुगा घेऊन घरी आलास. बहुतेकांचं असंच होतं. हा गडी स्वतःहून हाक मारत नाही, दुसरं काही शोधताना सापडतो. माझा प्रोस्टेटच्या तपासणीत सापडला. इंग्लंडात पुरुष 65चा झाला की त्याला या एकाच कामासाठी सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे असं बोलावणं येत नाही, त्यामुळे ज्याला कळलं तो नशीबवान, असंच मी समजतो. तुझ्या बायकोला आज हे पटणार नाही. दोन महिन्यांनी पटेल.

तू पाठवलेला रिपोर्ट भिंग लावून वाचला. 4.3 सेंटिमीटर, मूत्रपिंडांच्या खाली. म्हणजे अगदी ठरलेल्या जागी. हृदयातून निघालेली ही मोठी धमनी छातीत कमान घेऊन पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दोन फाटे फोडते. पोटात तिची जाडी साधारण 2 सेंटिमीटर असते. 3 झाली की डॉक्टर फुगा म्हणतात. सायकलचा टायर जिथे झिजलाय तिथे आतली ट्यूब बाहेर फुगते ना, तसं. जितकी जास्त फुगेल तितका तिथल्या भिंतीवर ताण जास्त, आणि जितका ताण जास्त तितकी ती आणखी फुगणार. म्हणून सगळी मोजमापं रुंदीची.

आता घरीदारी प्रत्येक जण विचारेल, “मग काढून का नाही टाकत? थांबायचं कशाला?” तुझा मेहुणा तर आत्ताच मुंबईचा सर्जन गाठायला निघाला असेल. त्याला सांग, की हा प्रश्न रीतसर तपासून झालाय. ब्रिटनमध्ये 4 ते 5.5 सेंटिमीटरचा फुगा असलेले हजाराहून जास्त रुग्ण घेतले. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांची नुसती नियमित सोनोग्राफी ठेवली. 1998 साली निकाल आला: लगेच कापून घेतलेले जास्त जगले नाहीत. ऑपरेशन झालेल्यांतले शंभरात पाच-सहा जण तर महिन्याच्या आतच गेले, आणि वाट बघणाऱ्यांचा फुगा फुटण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एकाच्या आसपास होतं. पुढे 2002 साली अमेरिकेत निवृत्त सैनिकांवरच्या तशाच अभ्यासानं तेच सांगितलं. म्हणून पुरुषांना 5.5 आणि बायकांना 5 ही रेघ. रेघेच्या अलीकडे लक्ष ठेवणं हाच उपचार असतो. टाळाटाळ करतोय असं मनातही आणू नकोस, आणि कोणी म्हणालं तर भांडत बसू नकोस.

छातीतला फुगा हे मात्र वेगळं प्रकरण. तो तरुणांतही निघतो, उंच, लांबसडक बोटांच्या मार्फनवाल्यांत निघतो, जन्मतः ॲओर्टाच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेल्यांत निघतो. त्याच्या रेघा निराळ्या, डॉक्टर निराळे. माझं सगळं बोलणं पोटातल्या फुग्याचं आहे. ओळखीत कुणाला छातीतला निघाला तर माझे आकडे त्याला सांगत सुटू नकोस.

थांबायचं म्हणजे तारखा सांभाळायच्या. तुझ्या आकड्याला साधारण वर्षातून एकदा सोनोग्राफी. 5च्या पुढे गेला की सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही लवकर. कॅलेंडरवर लिही, आणि फक्त फोनमध्ये ठेवू नकोस, बायकोलाही दिसेल असं लिही. जमेल तोवर एकाच सेंटरला, एकाच डॉक्टरांकडे जा. कारण एक जण भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजतो, दुसरा आतल्या. दोघेही बरोबर, पण आकड्यात काही मिलिमीटरचा फरक पडतो. सीटी स्कॅन केला तर तो सोनोग्राफीपेक्षा थोडा जास्तच दाखवतो. एकदा एका गावी लग्नाला गेलेला आपला एक स्नेही तिथेच हौसेनं तपासून आला आणि “वाढला, वाढला” म्हणून चार रात्री घरच्यांना झोपू दिलं नाही. वाढला नव्हता, मोजण्याची पद्धत बदलली होती. छोटे फुगे सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढला तर मात्र लगेच सर्जनकडे, मग आकडा 5.5च्या आत का असेना. जुने रिपोर्ट टाकू नकोस. सगळे एका फाइलीत, तारखेच्या क्रमानं. नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो.

आणि जायचं ते व्हॅस्क्युलर सर्जनकडे. रक्तवाहिन्यांचे हे सर्जन तालुक्याच्या गावी सहसा नसतात, पण वर्षातून एक खेप पुण्याला झाली तर काय बिघडलं? मंडईतून येताना मला अंजीर आण.

आता सिगारेट. भाषण देत नाही, तुला दिलेली भाषणं कधी कामाला आली नाहीत. फक्त एवढंच, की पोटातल्या फुग्याला तंबाखूच्या धुराइतकं दुसरं काहीच भरवत नाही. धूर चालू असला तर तो वाढतो भराभर आणि फुटतोही लवकर. हा फुगा आटवणारी गोळी अजून निघालेली नाही. तुझ्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय म्हणजे टपरीवरून वळणं. “कमी केलीय” हे उत्तर मला देऊ नकोस. निकोटीनच्या च्युइंगगम मिळतात, डॉक्टर गोळ्याही देतात, लाज न बाळगता माग. जेवण झाल्यावरची ती दहा मिनिटं अवघड जातात. तेवढी दहा मिनिटं टपरीच्या उलट्या दिशेनं चाल.

बीपी घरीच मोजत जा. दंडावर बांधायचं यंत्र घे, मनगटावरचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बस. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही. मोजताना बोलायचं नाही. तू बोलतोस, मला माहीत आहे, आणि नातू जवळ असला तर त्याच्याशी खेळतोस. दोनदा मोज, मिनिटाच्या अंतरानं, आणि दोन्ही आकडे वहीत लिही. डॉक्टर बहुतेक 130/80च्या खाली ठेवायला सांगतील. गोळी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल घराण्यातली असली तर ती स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही, प्रवासात विसरायचीही नाही. अचानक सोडली की बीपी आणि ठोके उसळी मारतात. कोलेस्टेरॉलची गोळी कशाला दिलीय असं विचारत होतास. ती हृदयासाठी. आपल्यासारख्यांना फुग्यापेक्षा हृदयविकारच जास्त गाठतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

मीठ कमी म्हणजे ताटातलं मीठ कमी एवढंच नाही. लोणचं, पापड, खारी बिस्किटं, सुकी मासळी, वेफर्स, यांचा हिशेब धर. खोकल्याला ज्येष्ठमधाची कांडी चघळायची तुमच्या घरातली सवय, तीही जरा आवर; जास्त झालं तर ज्येष्ठमध बीपी चढवतं. सर्दीच्या पाकिटातल्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, त्याचंही तेच. आणि गुडघा दुखला की डायक्लोफिनॅक, हे बंद. बाकी जेवणात तू आधीपासूनच शहाणा आहेस. गंमत म्हणजे मधुमेह असलेल्यांत हा फुगा कमी सापडतो आणि सापडला तर सावकाश वाढतो. म्हणून जिलबी खायला सुरुवात करायची नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

यापुढचं नीट ऐक, कारण हे तुला प्रत्येक डॉक्टर आपणहून सांगेलच असं नाही.

पोट बिघडलं की आपण मेडिकलवाल्याकडे जातो, “जुलाबाची गोळी द्या” म्हणतो आणि तो न विचारता ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी कापून देतो. लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन. खोकला रेंगाळला की लिव्होफ्लॉक्सासिन. ही सगळी एकाच कुळातली अँटिबायोटिक्स. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर 2018मध्ये इशारा दिला, की ही औषधं घेतलेल्यांत ॲओर्टा फाटण्याचा किंवा फुटण्याचा धोका वाढलेला दिसतो. ज्यांना आधीच फुगा आहे त्यांना दुसरा काही पर्याय असेल तर ही देऊ नयेत. धमनीच्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या कोलाजेनवर ती परिणाम करतात असं मानतात. याच औषधांनी टाचेमागचा स्नायूबंध तुटल्याचं तर त्याआधीपासून माहीत होतं. तेव्हा पट्टी हातात आली की मागची बारीक अक्षरं वाच. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ आलं की परत कर आणि डॉक्टरांना फोन लाव. मेडिकलवाला म्हणेल, “काका, सगळे हीच घेतात.” घेऊ देत. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तुझ्या नावापुढे हे लिहूनच ठेवायला सांग. मी आमच्याकडे तसं केलंय, आता तिथला पोरगा मला बघितलं की आधी मान हलवतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. मोतीबिंदूनंतर डोळ्यात घालायला मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब देतात. तो इशारा गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दल आहे, थेंबांसाठी घाबरून डोळा बिघडवू नकोस. आणि इस्पितळात गंभीर जंतुसंसर्ग झालाय नि दुसरं काहीच चालत नाही असं डॉक्टर विचार करून म्हणाले, तर घ्यायचं. त्यांना फुगा माहीत असला पाहिजे, एवढीच अट.

उचलाउचल. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा असतो. तो तू आता उचलायचा नाहीस, ढकलायचाही नाहीस. धान्याची पोती, पाण्यानं भरलेलं पिंप, बुलेट डबल स्टँडला लावणं, बंद पडलेल्या गाडीला धक्का देणं, हे सगळं दुसऱ्यावर सोपव. वजनापेक्षा वाईट असतं ते श्वास कोंडून जोर लावणं, त्या क्षणी बीपी कुठल्या कुठे जातं. संडासात कुंथायचंही त्याच कारणानं टाळायचं. रात्री इसबगोल घे, पाणी भरपूर पी. योगाच्या वर्गातल्या बाईंना स्पष्ट सांग. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक, शीर्षासन बंद. मयूरासनात दोन्ही कोपरं नेमकी बेंबीजवळ रोवून सगळं अंग तोलतात, ते तर विचारायलाच नको. श्वास न रोखता अनुलोम-विलोम कर, हलकी आसनं कर. चालणं मात्र सोडू नकोस. दम न लागता गप्पा मारता येतील अशा वेगानं रोज चाल, पाऊस असला तर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत चाल. फुगा आहे म्हणून दिवसभर गादीवर पडून राहिलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांचं बीपी उलट वाढलं. नवरा-बायकोच्या संबंधाबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो: बीपी ताब्यात असलं तर सहसा काही अडचण नसते, डॉक्टरांना एकदा विचारून घे. ते लाजत नाहीत.

पोट चोळून घ्यायचं नाही. आपल्या भागात “बेंबी सरकली” म्हणून पोट चोळणारी माणसं अजून आहेत. ती बोट रोवून बेंबीजवळचा ठोका शोधतात आणि तो जागेवर नाही म्हणून दाबत आणतात. ठोका असतो तो याच धमनीचा. सडपातळ माणसाच्या पोटात तो तसाही हाताला लागतो. तुझ्या पोटात तो जास्त जाणवणार, आणि तिथे कुणीही अंगठा रोवायचा नाही, तेल लावून तर मुळीच नाही. तूही दर रात्री पडल्या पडल्या हात ठेवून ठोके मोजत बसू नकोस. सुरुवातीला प्रत्येक जण ते करतो. त्यानं मापही कळत नाही आणि झोपही जाते.

आता कळ. हे तू एकट्यानं वाचून भागणार नाही, घरातल्या सगळ्यांना ऐकव, जावयालासुद्धा.

पोटात, पाठीत किंवा कमरेत अचानक अशी कळ आली जी याआधी कधी आली नाही, ती जांघेत उतरतेय किंवा पाठीत आरपार जातेय, घाम सुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ती गॅसची, ॲसिडिटीची, उसणीची नाही, असं धरून चालायचं. तुला तर मुतखड्याचा इतिहास आहे, त्यामुळे तू स्वतःच म्हणशील, “खडाच असेल.” या फुग्याची कळ आणि खड्याची कळ इतकी सारखी असते की डॉक्टरही फसतात. साठीच्या पुढचा माणूस पहिल्यांदाच खड्याच्या कळेनं आला तर आधी ॲओर्टा बघावी असं शिकवतात, ते त्यासाठीच. गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन बघू, हे नको. सोडा-लिंबू नको, शेक नको, खायला-प्यायला काही नको. 108ला फोन. स्वतः गाडी चालवायची नाही. आणि जो कुणी डॉक्टर पहिल्यांदा समोर येईल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं: “पोटात ॲओर्टाचा फुगा आहे, 4.3 सेंटिमीटर.” नाव, वय, त्रास कधीपासून, हे त्यानंतर. रक्त पातळ करायचं काही द्यायच्या आधी त्यांना हे कळलं पाहिजे. सीटी स्कॅन आणि व्हॅस्क्युलर सर्जन दोन्ही असलेलं सगळ्यात जवळचं इस्पितळ कुठलं, ते आत्ताच शोधून ठेव. एका सकाळी सहज जाऊन कॅज्युअल्टीचं दार कुठल्या बाजूला आहे तेही बघून ये. पाकिटात एक कार्ड: फुग्याचा आकडा, तारीख, गोळ्या, रक्तगट, दोन फोन नंबर. पायाचं बोट अचानक निळं, थंड पडलं तरी तसंच निघायचं. फुग्यातली गुठळी सुटून खाली गेलेली असू शकते.

फुटला तर अनेक जण इस्पितळापर्यंतही पोचत नाहीत. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पण “बघू सकाळी” हे वाक्य आपल्या घराण्यात फार चालतं.

उद्या रेघ ओलांडलीच, तरी ऑपरेशनचं फार मनावर घेऊ नकोस. आइनस्टाइनला हाच फुगा होता. 1948 साली सर्जन रुडॉल्फ निसेननी त्याचं पोट उघडलं आणि फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या काळी याहून जास्त काही करता येत नव्हतं. त्यावर तो सहा वर्षांहून जास्त जगला. 1955च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला तेव्हा पुन्हा ऑपरेशन करून घ्यायला त्यानं नकार दिला. पाइप ओढायचा तो, हेही सांगून ठेवतो. दरम्यान 1951 साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तिथे दुसऱ्या माणसाची धमनी बसवली. मग ह्यूस्टनचे मायकल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले. ते संपलं होतं म्हणून डेक्रॉनचं कापड घेऊन आले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. पुढे 97व्या वर्षी त्यांची स्वतःचीच ॲओर्टा फाटली, त्यांच्याच शाळेत शिकलेल्यांनी ऑपरेशन केलं आणि ते 99व्या वर्षापर्यंत जगले. 1990 साली ब्यूनोस आयर्सच्या हुआन पारोदींनी जांघेतून नळी सरकवून आतूनच अस्तर बसवलं, पोट न फाडता. माझं तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी इस्पितळाच्या व्हरांड्यात चालत होतो.

पण आतून अस्तर बसवलं म्हणजे सुटलो असं नाही. अस्तराच्या कडेनं किंवा बारीक फांद्यांतून रक्त पुन्हा फुग्यात झिरपू शकतं, म्हणून तपासणी जन्मभर. उघड्या ऑपरेशनचा घाव मोठा, बरं व्हायला वेळ लागतो, पण त्यानंतर तपासण्या कमी. तुझं वय माझ्यापेक्षा कमी आहे, तेव्हा कदाचित तुला उघडं सुचवतील. कुठलं का असेना, दोन्हींचं सर्जनना विचार, आणि महिन्याला अशी किती करता, हेही विचार. हे विचारायला माणसं बिचकतात. कशाला बिचकायचं? खर्चाचं म्हणशील तर इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, महात्मा फुले योजनेत तुझं काय बसतं ते आधी त्याच्याकडून लिहून घे. आणि विम्याच्या फॉर्मवर फुगा लपवू नकोस, नंतर तोच कागद समोर धरतात.

राहिली तुझी आई. सख्ख्या भावाला फुगा निघाला की बहीण-भावंडांनी आणि मुलांनी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी, हे मी ताईला तेव्हापासून सांगतोय. ती म्हणते, मला काही होत नाही. सकाळची मिशेरी मात्र चुकत नाही. भाजलेली का असेना, तंबाखूच ती. आता भाऊ झाला, मुलगाही झाला, आता तरी तिला ने. तुझ्या मुलालाही सांगून ठेव. त्याला आत्ता घाई नाही, पण त्याच्या कागदात लिहिलेलं असू दे. ताईला न्यायचं तर सकाळची पहिली वेळ घे. पोटाची सोनोग्राफी उपाशी पोटी करतात, नाहीतर वायूमुळे नीट दिसत नाही, आणि चहाशिवाय ती नऊच्या पुढे थांबणार नाही. मिशेरीची डबी आदल्या रात्री तूच कुठेतरी ठेव आणि सापडत नाही म्हण. गाडीत कुठे चाललोय विचारलं तर माझं नाव सांग. मला शिव्या देत का होईना, बसेल.

तुझा,
मामा